एस. टी.ची काच आणि बुद्धिमान चष्मा

थंडीचे दिवस आहेत. संध्याकाळी सहाच्या सुमारास चिमूरहून वरोऱ्याकडे निघालेल्या एस. टी.त तुम्ही खिडकीशी बसला आहात, असे समजा. वारा झोंबतो म्हणून काच ओढून घेतली आहे. खडसंगीच्या बाजूचे जंगल हळूहळू काळे पडू लागले आहे. इतक्यात चालक आतला दिवा लावतो आणि एक गंमत होते. काचेपलीकडे सागाची झाडे पळताना दिसत असतातच. पण त्या झाडांवरच तुमचा स्वतःचा चेहरा, शेजारच्या आजोबांची टोपी आणि वरच्या फळीवरचे गाठोडे तरंगू लागते. एकाच काचेत दोन जगे! बाहेरचे खरे आणि आतले आभासी.

गेल्या काही वर्षांत ज्या ‘बुद्धिमान चष्म्या’चा, म्हणजेच स्मार्ट ग्लासेसचा, एवढा बोलबाला झाला आहे, त्याच्या मुळाशी ही एस. टी.ची खिडकीच आहे. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

काच पारदर्शक असते असे आपण म्हणतो, पण ती सगळा प्रकाश आरपार जाऊ देत नाही. प्रकाशकिरण सरळ येऊन काचेवर पडले, तर पुढच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो आणि मागच्या पृष्ठभागावरून आणखी जवळजवळ तितकाच. एकूण ८ टक्क्यांच्या आसपास. हे परावर्तन दुपारीही होतच असते. मग दुपारी आपला चेहरा खिडकीत का दिसत नाही? कारण भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. गाडीतल्या दिव्याचा उजेड फार तर शंभर-दोनशे लक्स असेल. त्याच्या आठ टक्क्यांचा त्या लखलखाटापुढे काय पाड लागणार? संध्याकाळ झाली, बाहेरचा प्रकाश ओसरला, की तोच दुबळा आठ टक्के प्रकाश डोळ्यांना जाणवू लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे मे महिन्यातल्या उन्हात ती पुन्हा आडवी येणार आहे.

या युक्तीचा उपयोग माणसाने फार पूर्वी केला. लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर नावाच्या गृहस्थांनी रंगमंचावर तिरपी काच उभी करून प्रेक्षकांना भूत दाखवले. ‘भूत’ म्हणजे प्रेक्षकांच्या नजरेआड उभ्या असलेल्या, प्रखर दिव्याने उजळलेल्या नटाची प्रतिमा. (आडनाव पेपर असले तरी सारी करामत काचेची होती.) पुढे लढाऊ विमानांत वैमानिकासमोर अशीच तिरपी काच बसवण्यात आली. विमानाची उंची आणि वेग हे आकडे त्या काचेवर उमटतात; वैमानिकाला मान खाली घालावी लागत नाही. आपल्या ‘तेजस’ विमानासाठी अशी यंत्रणा चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने तयार केली. हीच काच वैमानिकासमोरून उचलून सामान्य माणसाच्या नाकावर ठेवायची, अशी ही कल्पना आहे.

पण नाकावर ठेवायची म्हणताच एक अडचण उभी राहते. आपला अंगठा डोळ्यांपासून हातभर लांब धरा आणि त्यावरच्या रेषा पाहा. आता तो हळूहळू जवळ आणा. डोळ्यापासून आठ-दहा सेंटिमीटरवर आला, की रेषा पुसट होतात. त्याहून जवळची वस्तू स्पष्ट दिसावी इतके आपल्या डोळ्याचे भिंग फुगू शकत नाही. चष्म्याची काच तर डोळ्यापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर असते! तिच्यावर छापलेली अक्षरे वाचताच येणार नाहीत. चष्म्यावर चिखलाचा ठिपका उडाला तर तो ठिपका म्हणून दिसत नाही, नुसते धुके दिसते. हा अनुभव चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला आहे.

यावरचा उपाय तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे. बहिर्वक्र भिंगाच्या नाभीय अंतराच्या आत वस्तू ठेवली, की तिची मोठी, सुलट आणि आभासी प्रतिमा दूरवर दिसते. चष्म्याच्या दांडीत नखाएवढा पडदा बसवतात. त्याच्यापुढे भिंग ठेवतात, त्यामुळे पडद्याची प्रतिमा काही फुटांवर असल्यासारखी भासते. मग ते किरण चष्म्याच्या काचेत एका कडेने असे सोडतात, की ते क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनाने आतल्या आत आपटत राहतील. साध्या काचेसाठी हा कोन सुमारे ४२ अंश आहे. पूर्ण आंतरिक परावर्तन होत होत प्रकाश काचेतून सरकत जातो आणि डोळ्यासमोर कोरलेल्या अतिसूक्ष्म रेघांपाशी बाहेर पडून डोळ्यात शिरतो. समोरची झाडेही दिसतात आणि त्यांच्यावर तरंगणारी अक्षरेही.

वाचायला हे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात त्याला अर्धशतक लागले. संगणकाने काढलेली चित्रे डोळ्यांपुढे धरणारे पहिले उपकरण अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली केले; ते इतके जड होते, की छताला टांगावे लागे आणि माणसाने त्याखाली जाऊन उभे राहावे लागे. २०१३ साली गूगल कंपनीने ‘गूगल ग्लास’ हा हलका चष्मा दीड हजार डॉलरला निवडक लोकांना दिला. पण ज्याच्याकडे पाहून बोलायचे त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा, हे लोकांना रुचेना. अमेरिकेतल्या काही उपाहारगृहांनी असा चष्मा घालून आत येण्यास बंदी केली. जानेवारी २०१५ मध्ये त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. कारखान्यांतल्या कामगारांसाठी काढलेली त्याची आवृत्तीही मार्च २०२३ मध्ये बंद झाली.

आज बाजारात जे बुद्धिमान चष्मे अधिक खपतात, त्यांतल्या बहुतेकांना पडदाच नाही, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. ‘रे-बॅन मेटा’ नावाचा असा चष्मा मे २०२५ मध्ये भारतात विक्रीला आला. त्यात असतो एक कॅमेरा, काही मायक्रोफोन, कानाजवळ बोलणारे बारीक स्पीकर आणि एक लहानशी बॅटरी. वजन सुमारे पन्नास ग्रॅम. समोर पाहून “हे काय आहे?” असे विचारायचे, चष्मा कानात उत्तर सांगतो.

आता इथे थोडी फोड करून पाहू. ही बुद्धी चष्म्यात आहे का? नाकावर पेलेल एवढ्या वजनात बॅटरी बसते ती दीडशे ते अडीचशे मिलिअँपिअर-तासांची. खिशातल्या फोनची बॅटरी पाच हजारांच्या घरात असते. वीस-तीस पट! एवढ्याशा विजेवर चित्र ओळखण्याचे अवघड गणित होणे शक्य नाही, आणि झाले तरी त्याची उष्णता कानशिलाला चटका देईल. म्हणून चष्मा फक्त छायाचित्र आणि प्रश्न फोनकडे पाठवतो, फोन मोबाइलच्या मनोऱ्याकडे, आणि मनोऱ्यावरून तो प्रवास दूर कुठेतरी असलेल्या प्रचंड संगणकांपर्यंत जातो. उत्तर त्याच वाटेने परत येते. म्हणजे ‘बुद्धिमान’ हे विशेषण खरे तर त्या संगणकांना लावायला हवे. चष्मा हा केवळ निरोप्या आहे. आणि मनोऱ्याची रेंज गेली, की निरोप्या मुका होतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात रेंज कुठे कुठे असते आणि कुठे नसते, हे तुम्हाला लेखकापेक्षा जास्त ठाऊक असणार.

तरीही या निरोप्याचे मोल कोणाला सर्वांत अधिक आहे? वरोऱ्याजवळ आनंदवनात अंध विद्यार्थ्यांची शाळा आहे. समजा, अशा शाळेत शिकलेली एखादी मुलगी चिमूरच्या बसस्थानकावर उभी आहे. गाडी लागली आहे. तिची पाटी वाचायची आहे. आज तिला कोणालातरी विचारावे लागते. चष्म्याने ती पाटी वाचून कानात सांगितली, तर तिचे दोन्ही हात मोकळे राहतात : एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात पिशवी. फोनचा कॅमेरा पाटीवर नेमका धरण्यासाठी जी कसरत लागते ती वाचते, कारण मान वळेल तिकडे कॅमेराही वळतो. डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ‘बी माय आइज’ या सेवेत अंध व्यक्तीच्या कॅमेऱ्यातून दूरचा डोळस स्वयंसेवक पाहतो आणि तिला वाट सांगतो. ही सेवाही २०२४ पासून काही चष्म्यांवर मिळू लागली आहे. बुद्धिमान चष्म्याच्या बाजूने याहून बळकट युक्तिवाद आमच्यापाशी नाही.

परंतु त्यातही खाचखळगे आहेत. इंग्रजी छपाईत प्रत्येक अक्षर सुटे असते. आपल्या देवनागरीत शिरोरेषेने सगळा शब्द एकत्र बांधलेला असतो, शिवाय जोडाक्षरे आणि वरखाली मात्रा. जुन्या वाचनयंत्रांना आधी ही शिरोरेषा पुसून मगच अक्षरे वेगळी करावी लागत. आताची यंत्रे लाखो नमुने पाहून शिकतात आणि मराठी छपाई बऱ्यापैकी वाचतात. पण खडूने लिहिलेली, अर्धी पुसलेली पाटी आली, की त्यांची तारांबळ उडते. बोलण्याचे तर त्याहून कठीण. यंत्राला जी भाषा भरपूर ऐकवली ती त्याला येते. भामरागडच्या माडिया आजीचे बोलणे त्याला फारच थोडे ऐकवले गेले आहे.

आणि सर्वांत वाईट खोड अशी, की यंत्र अडखळत नाही. माणसाला नीट वाचता आले नाही, तर तो “बहुतेक वरोरा असावे, पण नक्की नाही” असे म्हणतो. ही यंत्रे चुकीचे उत्तरही तितक्याच ठाम आवाजात सांगतात. डोळस माणूस ताबडतोब पडताळून पाहतो. अंध व्यक्तीला तो पडताळाच नसतो. चुकीची बस लागली तर दोन तास वाया जातील. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर चुकला तर?

आता जंगलाकडे वळू. या उपकरणाविषयी कुठेही बोलणे निघाले, की कोणीतरी म्हणतेच : “वनरक्षकांना द्या की असे चष्मे! वाघ दिसला की चष्मा सांगेल.” ही सूचना चांगल्या मनाने केलेली असते. ती तपासून पाहू.

चिमूर तालुक्यातले कोलारा हे ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचे एक प्रवेशद्वार आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी कोलारा वनपरिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी एक महिला वनरक्षक तीन सहकाऱ्यांसह पायी निघाल्या होत्या. पुढे वाटेवर एक वाघीण बसलेली त्यांना दिसली. त्या बराच वेळ थांबल्या, मग दाट झाडीतून वळसा घेऊन पुढे जाऊ लागल्या. वाघिणीने त्यांच्यावर झडप घातली आणि त्यांचा मृत्यू झाला.

यातला एक तपशील नीट वाचा. वाघीण त्यांना दिसली होती. प्रश्न होता तो त्यानंतरचा : दृष्टीआड झालेली वाघीण झाडीत नेमकी कुठे आहे? आणि साधा कॅमेरा झाडीच्या आडचे पाहू शकत नाही. डोळ्यांना जे अडते तेच त्यालाही अडते, कारण दोघेही त्याच दृश्य प्रकाशावर चालतात.

मग उष्णता पाहणारा कॅमेरा लावला तर? प्रत्येक उबदार वस्तूतून अवरक्त किरण बाहेर पडतात. वाघाच्या शरीराच्या तापमानाला या किरणांची तरंगलांबी सुमारे १० मायक्रोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या जवळजवळ वीस पट, असते. त्यांना काच पूर्ण अपारदर्शक! म्हणून अशा कॅमेऱ्याचे भिंग काचेचे नव्हे तर जर्मेनियमचे करतात, आणि ते महाग पडते. बरे, हे किरण दाट पानांतूनही पार होत नाहीत. फटीतून दिसेल तेवढेच दिसते. शिवाय हा कॅमेरा पाहतो तो तापमानातला फरक. थंडीच्या पहाटे उबदार वाघ थंड गवतावर दिव्यासारखा उठून दिसेल. पण मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, दगड आणि पाचोळा वाघाच्या कातडीइतकेच किंवा त्याहून अधिक तापतात, आणि सारे चित्र एकाच रंगात बुडते. त्याच मे महिन्यात तेंदूपत्ता तोडण्यासाठी गावेच्या गावे पहाटेपासून जंगलात असतात. तेव्हाच तर इशाऱ्याची गरज सर्वांत अधिक! एस. टी.च्या काचेचा धडाही इथेच आडवा येतो : पानगळ झालेल्या जंगलातल्या त्या लखलखाटात चष्म्यावर उमटलेली अक्षरे दुपारच्या खिडकीतल्या चेहऱ्यासारखी फिकी पडतात. आणि लिथियमच्या बॅटरीला चार्ज करताना साधारण ४५ अंशांची वरची मर्यादा घालून दिलेली असते, ते वेगळेच.

याहून खोल अडचण आपल्या मेंदूत आहे. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू फेकणाऱ्या मुलामुलींची चित्रफीत लोकांना दाखवली आणि पांढऱ्या सदऱ्यांतील खेळाडू किती वेळा चेंडू फेकतात ते मोजायला सांगितले. मधेच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत गेली. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती दिसलीच नाही! डोळे उघडे होते, गोरिला समोर होता. लक्ष आकड्यांत होते. डोळ्यासमोर अक्षरे तरंगत असताना वनरक्षकाचे लक्ष कुठे असेल? जंगलात फिरणारा जाणता माणूस वाघ शोधत नसतो. तो वानराचे खाकरणे ऐकतो, चितळाची हाक ऐकतो, वारा कोणत्या बाजूने आहे ते पाहतो. कानात दुसरा आवाज बोलत असेल तर ती हाक हुकण्याचा संभव आहे. म्हणून आमच्या मते अशा ठिकाणी यंत्र असावे, पण माणसाच्या डोळ्यांवर नव्हे, गावाच्या वेशीवर असावे. ताडोबालगतच्या सीताराम पेठ येथे नेमका तसा प्रयोग झाला आहे : कॅमेरे खांबांवर बसवलेले, वाघ जवळ आला की गावाला सूचना. खांबाला वजनाची चिंता नाही, बॅटरी हवी तेवढी मोठी लावता येते, आणि खांबाचे लक्ष विचलित होत नाही.

आतापर्यंत आपण चष्मा घालणाऱ्याचा विचार केला. चष्म्यासमोर उभ्या असलेल्याचे काय?

ताडोबात सफारीला जाताना मोबाइल बरोबर नेण्यास २०१८ मध्येच बंदी करण्यात आली. वाघ दिसला की फोन सरसावायचे, जिप्सी एकमेकींना चिकटवायच्या, आणि ठिकाणासकट छायाचित्र जगभर धाडायचे, हे थांबावे असा त्यामागे हेतू. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल वापरू न देण्याचे निर्देश दिले. फोन हातात दिसतो, म्हणून प्रवेशद्वारावरचा कर्मचारी तो काढून घेऊ शकतो. पण चष्मा? आणि समजा, पर्यटक म्हणाला, “अहो, माझा नंबर उणे चार आहे, हा चष्मा काढला तर मला वाघच काय, गाडीसुद्धा दिसणार नाही!” तो खरे बोलत असेल. अशा चष्म्यांत नंबराची काच बसवता येते. कॅमेरा आणि गरजेची वस्तू एकमेकांत अशी मिसळली, की नियम करणाऱ्याचे काम फार अवघड होते.

चित्रीकरण चालू असताना चष्म्याच्या कडेला एक बारीक दिवा लागतो, तो समोरच्याला कळावे म्हणूनच. पण भर उन्हात तो कितीसा दिसणार? शिवाय दिवा कशासाठी आहे हे ठाऊक तरी हवे. रस्त्याकडेला मोहाची फुले वेचणाऱ्या बाईला समोर थांबलेल्या पाहुण्याच्या चष्म्यातला तो ठिपका काय सांगणार? २०२४ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी असा चष्मा आणि चेहरा ओळखणारी संगणकीय सेवा यांची जोडणी करून दाखवली : रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे पाहायचे आणि थोड्याच वेळात त्याचे नाव-गाव फोनवर वाचायचे. लोकांना धोका कळावा म्हणून त्यांनी हे केले आणि आपली यंत्रणा कोणाला दिली नाही. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण एखाद्या व्यक्तीने केवळ स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेली माहिती त्या कायद्याच्या बाहेर ठेवली आहे. फिरायला आलेल्या पाहुण्याने ‘आठवण म्हणून’ टिपलेला चेहरा यात कुठे बसतो, यावर तुमच्या वर्गात वाद घालायला हरकत नाही.

चष्म्यांचा विषय निघालाच आहे, तर बुद्धी अजिबात नसलेल्या एका चष्म्याची हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. आसामच्या चहामळ्यांत पाने खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर एक प्रयोग झाला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना जवळचे दिसण्याचा साधा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानांची तोड इतरांपेक्षा २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. वय वाढले की डोळ्यातले भिंग ताठर होते, मघाचा अंगठा आठ सेंटिमीटरऐवजी हातभर लांबही पुसट दिसू लागतो. या विकाराला आणि त्यावरच्या चष्म्याला मराठीत एकच नाव आहे : चाळिशी. तेंदूची पाने निवडून सत्तर-सत्तरच्या पुड्या बांधणाऱ्या, सुपातले खडे वेचणाऱ्या किती जणी आपल्या गावात चाळिशीवाचून काम करतात?

हे तुम्हाला शोधता येईल. सुई-दोरा घ्या आणि घरातल्या, शेजारच्या चाळिशी उलटलेल्या दहा जणांना चांगल्या उजेडात दोरा ओवायला सांगा. सुई डोळ्यांपासून किती अंतरावर धरतात ते पट्टीने मोजून वहीत लिहा, वय लिहा, आणि चष्मा आहे की नाही तेही लिहा. अंतर आणि वय यांचा आलेख काढा. ज्यांना हात पूर्ण लांबवूनही ओवता आले नाही, त्यांची नावे गुरुजींना किंवा बाईंना द्या. नेत्रतपासणीचे शिबिर पुढच्या वेळी लागेल तेव्हा ती यादी तयार असेल.